तुटलं तिथून

रफूवालीला ना पालीची भीती, ना उंदराची, ना कजाग गिऱ्हाइकाची; पण त्या दुपारी कॉम्प्युटरसमोर तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये अण्णांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, आवाज कायमचा गेला होता. त्याआधी, तो जपून ठेवायला, एका कंपनीने त्यांच्याकडून बरीच वाक्यं वाचून घेऊन रेकॉर्ड केली होती. प्रत्येक वाक्यानंतर अण्णा विचारायचे, “झालं का?” आता ती कंपनीच गाशा गुंडाळत होती आणि रात्री सगळं पुसलं जाणार होतं.

फाइल एकच, पण अवाढव्य. घरातलं इंटरनेट लहरी. मध्येच तुटायचं आणि मेला ब्राउझर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. मामेभाऊ याच धंद्यातला. त्याने फोनवर सांगितलं, कमांडच्या काळ्या खिडकीत कमांड लिहून फाइल उतरव; त्यासाठी कर्ल नावाचा प्रोग्रॅम वापर, नाहीतर डब्ल्यूगेट. दोन्हींतलं कोणतं, हे सांगायच्या आत स्वारी मीटिंगला पळाली. तिने कर्ल निवडलं, का तर स्पेलिंग सोपं. एंटर दाबायचा अवकाश, जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर वेड्यावाकड्या चिन्हांचा नुसता लोंढा आला. अण्णांचा आवाज सांडला, वाया गेला, असंच तिला वाटलं. शेजारी बसलेल्या अण्णांचे ओठ हलले. काय विचारताहेत ते तिला कळलं, म्हणून तिने तिकडे बघितलंच नाही.

मामेभावाला पुन्हा गाठलं तर तो हसला. कुठे ठेवायचं ते सांगितलं नाही की कर्ल सगळं पडद्यावरच ओततं, म्हणाला. मूळ फाइल तिकडे शाबूत आहे.

“तू आपलं डब्ल्यूगेट घे, आणि डॅश सी लावायला विसरू नकोस. तुटलं की तीच कमांड पुन्हा दे. तुटलं तिथून पुढे जोडतं.”

“म्हणजे रफू,” ती म्हणाली.

निम्म्यावर तुटलंच. पुन्हा शून्यावर गेलं तर? तिने जीव मुठीत धरून कमांड दिली. आकडा निम्म्यावरूनच पुढे सरकला. पुन्हा तुटलं, पुन्हा जोडलं. बाहेर अंधारून आलं तेव्हा कुठे फाइल पूर्ण झाली. पण आत काहीच नसलं तर, या धास्तीने ती उघडायची तिची हिंमत होईना. शेवटी अण्णांनीच हात पुढे करून बटण दाबलं.

“आज हवा बरी आहे,” अण्णांचा आवाज म्हणाला. मग, जरा वैतागून, “झालं का?”

“झालं, अण्णा,” ती म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.