बिनडोळ्यांचे गडी

कुपवाडच्या पंपाच्या कारखान्यात, रंगखात्यात उभा असलेला कृष्णात कुंभार दुरून पाहिला तर पंपांपैकीच एक वाटावा. कपड्यांवर तोच निळा रंग, केसांत तोच, नाकपुड्यांतसुद्धा तोच. भोंगा झाला की तो थिनरनं हात पुसायचा, मोटारसायकलींच्या लोंढ्यातून आपली लूना काढायचा आणि घरी येऊन भिंतीला पाठ टेकून बसायचा. कुणी कसं काय विचारलं तर "चाललंय" एवढंच म्हणायचा. त्यापुढचं बोलायला त्याच्यात त्राण उरलेलं नसायचं.

हा माणूस सुट्टीच्या दिवशी पलंगावर लढाया लढतो असं सांगितलं असतं, तर अख्खं रंगखातं पोट धरून हसलं असतं.

त्याचं असं झालं. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात धवल नावाचा सांगलीचा इंजिनिअर होता. परदेशातून येताना त्यानं एक खोकं आणलं. त्यात शिशाचे रोबो होते, खेळात चार मजली इमारतीएवढे, हातात घेतले तर अंगठ्याएवढे. सोबत षटकोनी घरांचा कागदी नकाशा आणि फासे. रोबो होते नुसतेच करडे. धवलला ते रंगवून हवे होते, म्हणून तो रंगखात्यात आला, आणि जेवणाच्या सुट्टीत रंगवता रंगवता कृष्णात खेळायलाही शिकला. मग धवलचं लग्न ठरलं आणि तो अमेरिकेला निघाला. खोकं कृष्णातच्या हातात ठेवून म्हणाला, "रंगवलेत तुम्ही, तुम्हीच ठेवा. एकट्यालाही खेळता येतं."

एकट्यानं खेळायचं म्हणजे आपले गडी आपल्या डोक्यानं चालवायचे आणि शत्रूचे फाशांवर सोडायचे. फासा सांगेल तसा शत्रू पुढं येतो, तोफ डागतो नाहीतर मागं सरतो. समोर माणूस लागत नाही, हे कृष्णातला फार बरं वाटलं. आठवडाभर माणसं बघून तो कंटाळून गेलेला असायचा. शत्रू निदान घरचं काही विचारत नव्हता.

एक गडी रंगवायला त्याला महिना लागायचा. आधी प्रायमर, त्यावर पंपाचा उरलेला निळा, मग कडांना फिकट हात, आणि खाचांतून पातळ केलेला काळा रंग असा सोडायचा की लोखंड वापरून झिजल्यासारखं दिसावं. पद्धत मात्र जगावेगळी होती. ब्रश तो टेबलाला लावलेल्या शिकंज्यात घट्ट आवळायचा, गडी दोन्ही हातांत धरायचा आणि ब्रशाच्या टोकावरून गडी फिरवायचा. मालननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदा विचारलं की हे असं उलटं का. "रंग सारखा बसतो," तो म्हणाला. तिनं मान डोलावली.

गडी सगळे झाले होते, फक्त त्यांची डोकी कोरी होती. रोबोच्या डोक्याला पुढं एक बारीक काच असते, चालक तिथून बघतो. तेवढी जागा कृष्णात करडीच ठेवायचा. त्याला त्यानं कारणही शोधून ठेवलं होतं. कुंभाराच्या घरी गणपतीचे डोळे सगळ्यांत शेवटी काढतात. त्याला आखणी म्हणायचं. आणि उंब्रजला, त्यांच्या गावच्या घरात, रीत अशी की एकदा आखणी झाली की मूर्ती घरात राहायची नाही, ज्याची त्यानं न्यायची. म्हणून आपल्या गड्यांना डोळे नकोत, असं कृष्णात स्वतःला सांगायचा. हे कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं.

श्रावणातल्या एका रविवारी त्याचा धाकटा भाऊ जोतीराम उंब्रजहून आला. पिशवीत शेंगा आणि चेहऱ्यावर काळजी. कृष्णातनं घर सोडून कारखाना धरला तेव्हापासून मातीचा सगळा व्याप जोतीराम एकटा ओढत होता. माती मळण्यापासून मुकुट चढवण्यापर्यंत सगळं त्याचं. आखणी तेवढी अण्णांची, त्यांच्या वडिलांची. तो मान थोरल्याचा. अण्णांच्या मागं कृष्णातचा. धाकट्यानं त्या ब्रशाला हात लावायचा नाही.

चहा झाल्यावर जोतीराम म्हणाला, "दादा, अण्णांना आता दिसत न्हाई. गेल्या साली आखणी केली, तर एक डोळा वर, एक खाली. लोकांनी द्येवाच्या तोंडाकडं बघून मूर्ती नेल्या, पर यंदा निम्मी गिऱ्हाईकं मूर्ती सांगायला आलीच न्हाईत. अण्णा म्हणत्यात, थोरल्याला बोलव. तू आठ दिवस रजा काढून ये. मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या हायत."

कृष्णातनं डाव्या हातानं कप बाजूला सारला. त्याचा उजवा हात मांडीखाली होता. गेली काही वर्षं तो हात कापत होता. आयुष्यभर धरलेली स्प्रे गन म्हणा, थिनरचा वास म्हणा, नाहीतर वय म्हणा. कारखान्यात गन धरली की पंपाच्या अंगावर काही कळत नसे. पण बारीक रेघ काढायला गेलं की टोक नाचायचं. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. कारखान्यात कळलं असतं तर पॅकिंगला टाकलं असतं, तेही त्यानं सोसलं असतं. पण घर सोडण्याआधी अण्णांच्या हाताखाली त्यानं केलेली आखणी आठवून उंब्रजला आजही कुणी म्हणायचं, आखणी करावी तर थोरल्यानं. दिवसभर निळा होऊन घरी आल्यावर कृष्णातजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि मूर्तीपुढं ब्रश उचलला की ते संपणार होतं. गणपती काही शिकंज्यापुढं फिरवता येत नाही.

"रजा मिळत न्हाई," तो म्हणाला.

"मग अण्णांना काय सांगू? थोरल्याला घराची लाज वाटती म्हनून सांगू?" जोतीरामचा आवाज चढला. मग त्याची नजर टेबलाकडं गेली. त्यानं शिकंजा बघितला, त्यात आवळलेला ब्रश बघितला, आणि एक गडी उचलून बराच वेळ निरखला. जन्मभर रंगात हात घातलेला माणूस तो. त्याला सगळं कळलं असावं, कारण पुढं बोललाच नाही.

त्या गप्प बसण्यानं कृष्णातला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडला असता तर बरं, असं त्याला वाटलं. त्यानं उठून शिकंजा सैल केला आणि त्यातला ब्रश भावापुढं धरला.

"ह्याच्या डोक्यावर काच काढ."

"मी? मला न्हाई जमायचं. आखणी कवा केलीया मी?"

"द्येव न्हाई त्यो. काढ."

जोतीरामनं आधी ब्रशाला नमस्कार केला. मग गडी डाव्या हातात धरला, श्वास रोखला आणि एका दमात रेघ ओढली. रेघ सरळ गेली. केसाएवढी बारीक, कुठं जाड नाही, कुठं तुटली नाही. कृष्णातनं दुसरा गडी दिला, मग तिसरा. पुढं पुढं जोतीराम मागून घेऊ लागला. काचेत पांढरा ठिपका कुठं द्यायचा म्हणजे नजर येते, तेवढं कृष्णातनं तोंडानं सांगितलं. सांगताना त्याला हेवा वाटला, भावाचं कौतुकही वाटलं, आणि एवढी वर्षं आपण नुसत्या नावावर हा मान अडवून बसलो याची लाजही वाटली.

दुपार कलली तोवर पलंगावरचे सगळे गडी, आपले आणि शत्रूचे, बघायला लागले होते. कृष्णातनं ते चिंध्यांत गुंडाळून, नकाशा आणि फाशांसकट जोतीरामच्या पिशवीत भरले. जोतीराम नको नको म्हणत होता.

"आखणी झाली. आता घरात ठेवायचं न्हाईत," कृष्णात म्हणाला. "हात बसंपर्यंत ह्येंच्यावरच रेघ काढ, घासून पूस आन पुना काढ. मग मूर्तीला हात घाल."

जोतीराम दारात थबकला. "आन अण्णांना?"

कृष्णातनं स्वयंपाकघराकडं बघितलं. मालन पाठमोरी भांडी घासत होती. तो दबक्या आवाजात म्हणाला, "सांग त्यांना. थोरल्याचा हात गेला म्हनावं. आता कापतोय त्यो. धाकटाच करंल आखणी."

जोतीराम वाकून पाया पडला आणि स्टँडकडं गेला.

कृष्णात रिकाम्या पलंगावर टेकला. मालननं भांडी आवरली, चहा टाकला आणि कप आणून त्याच्यापुढं ठेवला. तो कपाकडं बघत राहिला.

"ऐकलंस व्हय?" त्यानं विचारलं.

"आवं, ऐकायचं काय त्यात," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली, तुमच्या कपात अर्धाच च्या घालतीया मी. सांडू ने म्हनून."

तिनं दुसरा अर्धा कप स्वतःच्या हातात धरून ठेवला होता. पहिला संपला की द्यायला.