करवंटीतला लोहचुंबक

माझी कात्री सासऱ्यांनी आडात टाकली, तीही भर सकाळी, दोन गिऱ्हाईक बायका समोर बसलेल्या असताना. लपूनछपून टाकली असती तर मी कदाचित एवढी पेटले नसते.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट आहे. तीर्थपुरीजवळच्या आमच्या खेड्यात मी बायकांचे ब्लाऊज शिवायचे. कुणी शिकवलं नव्हतं. जुनी पोलकी उसवून उसवून शिकले. सासऱ्यांचं म्हणणं एकच, "आपल्या घरात लोकांची मापं घ्यायची न्हाईत." त्या दिवशी त्यांनी मशीनवरची कात्री उचलली, अंगणातल्या आडापर्यंत शांतपणे चालत गेले आणि सोडून दिली. डुबुक आवाज झाला. मंग बाजेवर येऊन अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले.

आता गंमत बघा. आडात पडलेलं काढायचा गळ, म्हणजे दोरीला बांधलेला लोखंडी आकड्यांचा झुपका, सगळ्या गावात आमच्याच घरी होता. सासऱ्यांच्या बाजेखाली. कुणाची बादली पडली की ती बाई यायची, तारण म्हणून एक भांडं ठेवायची आणि गळ न्यायची. मीही रीतसर तांब्या नेऊन त्यांच्यापुढं ठेवला.

"हे काय?"

"तारण. गळ द्या, मामा."

त्यांनी तांब्यात डोकावलं आणि सासूबाईंना हाक मारली. "अगं, सुनेला सांग, पाणी भरून आणत जा. रिकामाच आणलाय."

नवी कात्री जालन्याला मिळाली असती. आमचे मालकही म्हणाले, "दुसरी आणतो की. कशाला डोकं लावून राह्यली?"

मी म्हणलं, "दुसरी बी आडातच जाईल. मला तीच पायजे, अन् त्यांच्या डोळ्यांसमोर पायजे."

दुसऱ्या दिवशी, शहागडला चालले, एवढं सांगून जीपमध्ये बसले. तिथं रोडवर ट्रकांचे टेप दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. दुकानात फाटक्या स्पीकरांचा ढीग. स्पीकरच्या बुडाशी लोहचुंबक असतो हे ठाऊक होतं, म्हणून त्यातला एक मागितला.

"वहिनी, वाजणार न्हाई तो," मिस्त्री म्हणाला.

"मला कुठं वाजवायचाय? आडात टाकायचाय."

त्यानं ढिगातला सगळ्यात जड स्पीकर काढून दिला.

घरी येऊन स्पीकरचा कागदी पडदा फाडला. छन्नी-हातोडीनं चुंबकाच्या खालचा आणि वरचा, दोन्ही लोखंडी पत्रे काढले. मधे भोक असलेली काळी, वाटोळी चकती निघाली. सुया, टाचण्या पटापट उचलल्या. पण खुरपं काही उचलेना. पुन्हा शहागड. मिस्त्री हसला. "दोन्ही अंगं उघडी केली तर जोर वाटला जातो, वहिनी. वरून एक पत्रा ऱ्हाऊ द्यायचा." घरी येऊन भोकाचा पत्रा वरून लावला तर तेच खुरपं बराबर लटकलं.

आडात सोडला तर वेगळीच अडचण. आडात पाण्याच्या मोटारीचा लोखंडी पाइप उभा. चुंबक पाण्याला टेकायच्या आधीच खटकन पाइपाला चिकटायचा. ओढून ओढून तळहात सोलले.

बाजेवरून आवाज आला, "सूनबाई, पाइप निघाला का?"

मी दोरी वर ओढून घेतली. चुलीजवळ जाळायला ठेवलेल्या करवंट्यांतली डोळ्याच्या बाजूची एक मोठी बघून घेतली. चुंबक तिच्या पोटात बसवला, भोवतीच्या फटीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोसले, मधल्या भोकातून बोल्ट घालून तो करवंटीच्या डोळ्यातून वर काढला आणि त्याला दोरी आवळली. आता चुंबकाला फक्त खालचं तोंड राहिलं. पाइपाला करवंटी घासायची आणि खाली निघून जायची.

पहिल्यांदा बादलीची कडी आली. मंग खिळे, मंग कुणाची तरी पळी. शेजारणी जमल्या. आडात दोन पुरुष पाणी होतं आणि त्याखाली गाळ, म्हणून मी दोरी इंच इंच सरकवत होते. एकदा ती जरा जड लागली. कात्री एका पात्यानं चिकटून वर आली, चिखलानं माखलेली.

न पुसता तशीच सासऱ्यांच्या बाजेवर ठेवली. म्हणलं, "पुन्हा टाकायची असंल तर टाका, मामा. करवंटी खुंटीलाच हाय."

त्यांनी टाकली नाही. बोललेही नाहीत, जवळजवळ वर्षभर. मी शिवत राहिले. एक-दोन ब्लाऊजांना गंजाचे डाग लागले, तेवढं बायकांचं ऐकून घेतलं.

मंग एके दिवशी आडाच्या कठड्यावर बसून सुपारी कातरताना त्यांचा अडकित्ता हातातून निसटला. दोन दिवस त्यांनी गळ फिरवला. आकडा काही लागला नाही. शेवटी सासूबाई माझ्याकडं आल्या. "दे की ती करवंटी."

"ज्यांचं पडलंय त्यांनी मागावी, आत्याबाई. तारण बिलकुल नको म्हणावं."

तिसऱ्या दिवशी ते स्वतः मशीनच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. कात्री उचलून नेल्यापासून त्या दारात ते पहिल्यांदाच आले होते. मी बाही जोडत होते. शिवण पुरी होईपर्यंत पाय थांबवला नाही, आणि तेही हलले नाहीत. नको म्हणून निरोप दिला होता तरी हातात तांब्या होता, काठोकाठ भरलेला. मी तो घेतला, पाणी प्याले आणि खुंटीवरची करवंटी काढली.