वाचणारीची हजेरी

माणिकअण्णांच्या डाळमिलमध्ये अकरा बाया डाळ निवडायच्या आणि बारावी मोठ्यानं पुस्तक वाचायची. हजेरी मात्र बाराही जणींची सारखीच लागायची. बिदरजवळच्या नौबादमधल्या त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गेलो तो पाच किलो तूरडाळ घ्यायला. कादंबरीतला कुणी डॉक्टर नायिकेला फसवत होता आणि बाया खडे अशा आवेशानं फेकत होत्या, की ते थेट डॉक्टरलाच लागावेत. मला हसू आलं.

"कामून हसायलाव, सर?" अण्णांनी विचारलं.

"वाचायचीही मजुरी देता?"

"मग? निवडणारीचं हात चालतेत, वाचणारीचं तोंड. तुमाला तर सरकार त्याचाच पगार देतंय की."

मी तेव्हा बिदरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. पाच किलोंचे पैसे मोजले.

अण्णा मूळचे कोहिनूर गावचे, सातवी शिकलेले. मराठी, कन्नड आणि दखनी त्यांच्या एकाच वाक्यात गुण्यागोविंदानं नांदायच्या. 'मराठीची सेवा' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. ते शब्द वापरणारी माणसं बहुधा समित्या चालवतात, डाळमिल नव्हे. अण्णांचं म्हणणं एवढंच असे, "घरात मराठी बोलायलोत, पोरं कन्नडात शिकायलेत. शिकू द्या, पोटाची भाषा हाय ती. पर ह्या बायांनी वाचायचं कवा?"

त्यांची डाळ लातूरला जायची. येताना ट्रक रिकामा कशाला आणायचा, म्हणून ड्रायव्हर जुन्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन यायचा. "जाड बघून आन," एवढीच त्याला सूचना. त्यामुळे मधुमेहींच्या आहारावरचं एक पुस्तकही त्या शेडमध्ये पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं गेलं, आणि तेही तितक्याच तन्मयतेनं.

वाचायच्या शेवंताबाई. शिक्षण चौथी, आवाज मोकळा. शेजारच्या नागम्माला मराठी अर्धवटच कळायचं, म्हणून प्रकरण संपलं की शेवंताबाई तिला ते कन्नडात सांगायच्या. हे सांगणं कधीकधी मूळ प्रकरणापेक्षा सरस असे.

मला खुपायची ती पुस्तकांची दशा. पोत्यांवर पडलेली, सालपटांनी भरलेली. मिलमध्ये तुरीला तेल लावून वाळवतात. त्या तेलाचे ठसे पानापानावर. एकदा मी न राहवून म्हणालो, "अण्णा, याचं नीट ग्रंथालय करा. कपाट घ्या, नोंदवही ठेवा."

शिकलेल्या माणसाचं ऐकायचं, हा अण्णांचा एकच अवगुण. ऑफिसात काचेचं कपाट आलं. उद्घाटनाला पाहुणे आले, फीत आली. आयुष्यभर समारंभांची टिंगल केलेला मी त्या फितीचं एक टोक धरून उभा होतो. कपाटावरची पाटीही मीच लिहिली: 'हात स्वच्छ धुऊनच पुस्तकास स्पर्श करावा.' अक्षर चांगलं आल्याचं समाधान मला दोन दिवस पुरलं.

काही महिन्यांनी गेलो, तर शेड गप्प. बाराही बाया डाळ निवडत होत्या.

"वाचन बंद?" मी विचारलं.

"कपाट झ्याक हाय, सर," अण्णा म्हणाले. "पुस्तकं कशी नव्यावानी राहायलेत." मग जरा घुटमळून, "एक इचारू का? डाग पडल्यालं पुस्तक वाचायला येत न्हाई का?"

मी ग्रंथांच्या जतनावर दहा मिनिटं बोललो. अण्णांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"तुमी म्हंताव तर बराबरच आसंल."

ती विनंती होती. मी तिला शंका समजलो आणि शंकेचं निरसन करून घरी आलो.

गेल्या हिवाळ्यात अण्णा कलबुर्गीच्या एका दवाखान्यात वारले. मिलच्या अंगणात शोकसभा झाली. 'ग्रंथप्रेमी उद्योजक', 'सीमाभागाचा दीपस्तंभ' असं बरंच काही बोललं गेलं. ज्यांनी अण्णांना डाळीच्या भावापलीकडे कधी काही विचारलं नव्हतं, त्यांची भाषणं सर्वांत जास्त लांबली. मीही बोललो. बाया मागं पोत्यांपाशी बसल्या होत्या. सभा संपल्यावर शेवंताबाई पुढं आल्या.

"सर, त्या पुस्तकातल्या सुनंचं पुढं काय झालं ओ? घर सोडून निघाली, तितवर वाचलं. मग पुस्तक कपाटात गेलं."

"काढून घ्यायचं की. कुलूप कुठं होतं?"

"हात धुतलं की, सर. दोनदा साबण लावला. तेल निघंना." त्यांनी तळवे पुढं केले. "अण्णाला म्हनलं, असंच हातात द्या की. तर म्हनले, सरांनी लिवलंय, आता सरालाच इचारू. इचारलं न्हाई का त्यांनी?"

"विचारलं होतं," मी म्हणालो.

मागून नागम्मा कन्नडात काही बोलली.

"ही म्हनायलीय, सून नदी वलांडून माहेराला गेली. म्या म्हंते, न्हाई, अर्ध्या वाटंतून फिरली. रोज भांडन चाललंय आमचं. तुमीच सांगा, सर, खरं काय?"

बाराही जणी माझ्याकडे बघत होत्या. ते पुस्तक मी माझ्या हातानं नोंदवहीत चढवलं होतं, अनुक्रमांक घातला होता, सुटलेली पानं डिंकानं चिकटवली होती. वाचलं मात्र नव्हतं.