भांड्यांवर तुमची नावं

चिकनगुनियाचा ताप पाच दिवसांत उतरला, सांधेदुखी मात्र चार महिने मुक्कामाला राहिली. नळ फिरवायलासुद्धा तुमच्या आजोबांना हाक मारावी लागे. झोप नाही, जेवण नको आणि दुपारी विनाकारण रडू. शाळेत जन्मभर वेळापत्रकं लावलेली. म्हणून रडण्यासाठी तीन ते साडेतीन ही वेळ ठरवून टाकली, म्हणजे चारच्या चहाला डोळे कोरडे.

मग वाटलं, आपल्यामागे घरात गोंधळ नको. भांड्यांवर नावं घालणाऱ्याला मशीन घेऊन घरी बोलावलं आणि डब्याडब्यावर परदेशातल्या तुम्हा तिघा नातवंडांची नावं घालून घेतली. मोठीला कुकर, मधल्याला परात, धाकटीला इडलीपात्र. तुमच्यापैकी कोणीही इडली करत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

स्वयंपाकाच्या मावशी पारनेरकडच्या. त्यांनी पातेलं उलटसुलट करून पाहिलं.

"बाई, कुणाचं लगीन हाय व्हय?"

"नाही. माझ्यामागे भांडणं नकोत, म्हणून."

"आन मी आमटी कशात करू? समदी भांडी तर परदेशी गेली."

मी हसले नाही. तेव्हा त्यांनी गॅस बंद केला आणि बाहेर आजोबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "अण्णा, बाईंचं लक्षण ठीक न्हाई. मानूस जायचं ठरवलं की असं वाटप करतं."

आजोबांनी पेपर खाली ठेवला. "मला वाटलं, आवराआवर चाललीय. ती नेहमीच करते."

खरं तर मलाही तसंच वाटत होतं.

दोन दिवसांनी नगरला मनाच्या डॉक्टरकडे गेलो. वयाने माझ्या विद्यार्थिनीसारखी. तिने विचारलं, "आजी, जगणं नकोसं वाटतं का?"

"प्रश्न मोघम आहे," मी म्हणाले. "रोज की अधूनमधून?"

"तुम्हीच सांगा."

आजोबा माझ्याकडे बघत होते. चार महिने सगळ्यांना 'बरी आहे' असंच सांगितलं होतं.

"रोज," मी म्हणाले. "तीन ते साडेतीन सोडून. तेव्हा मी रडत असते."

आजोबांनी माझा हात धरला. बोटं दुखली, पण मी सोडवून घेतला नाही. डॉक्टर म्हणाली, ताप गेल्यावरही दुखणं असं रेंगाळलं की मन खचतं. तो आजाराचाच भाग, स्वभावाचा दोष नव्हे. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं.

आता बरं आहे, पण रोज नाही. परवाचा दिवस वाईट उगवला. तो मी नाश्त्यालाच जाहीर केला. आजोबांनी विचारलं, "मी काय करू?"

"बसा," म्हटलं.

ते अकरापर्यंत बसले, दाढीसुद्धा न करता.