मास्तरचाचांचा ससेमिरा

आमच्या गल्लीतले मास्तरचाचा एखाद्याच्या मागे लागले, की त्याने काम करून टाकावं. न करण्यात कष्ट जास्त. चाचांची सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली, शेवटची वर्षं मी शिकवते त्याच शाळेत. शेरवानीचं एक बटण तुटलं, तर जोडीचं शोधायला ते गुलमंडीच्या बाजारात सलग पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी दुकानदाराने बटणांचा डबाच पुढे केला, “चाचा, सगळा न्या, पण उद्या येऊ नका!” कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण गेलं, तेव्हा त्यांनी अर्ज केला नाही. भोकाशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. तिसऱ्या दिवशी माणसं झाकण घेऊन आली आणि म्हणाली, “चाचा, आता तरी उठा.”

मग पाळी माझी आली. मी रोज कामांची यादी करते आणि संध्याकाळपर्यंत संपवते. फक्त ‘वेरूळला फोन’ ही एक ओळ दोन वर्षं पुढच्या पानावर सरकत होती. वेरूळला माझी मैत्रीण राहते. आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हरवला आणि ठपका तिच्यावर आला. गठ्ठा तिच्याकडे कधी गेलाच नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी बैठकीत मी गप्प बसले. ती नोकरी सोडून माहेरी गेली. हे सगळं मी एकदा चाचांना सांगून बसले.

तेव्हापासून चाचा रोज सकाळी फाटकाशी हजर. “बेटा, फोन केला?”

“आज नाही जमलं, चाचा.”

“हौ. उद्या विचारतो.”

एकदा मी वैतागले. “काय हा ससेमिरा लावलाय, चाचा!”

चाचांचा चेहरा फुलला. मास्तरच ते. “कुठून आला हा शब्द, ठाऊक आहे? एक राजपुत्र वाघाला भिऊन झाडावर चढला. वर अस्वल होतं. त्यानं याला आसरा दिला, झोपू दिलं, राखण केली. मग अस्वल झोपलं, तर यानं वाघाच्या सांगण्यावरून त्यालाच खाली ढकललं. अस्वल फांदी धरून वाचलं, पण याला वेड लागलं. दिवसभर एकच, ‘ससेमिरा, ससेमिरा’. मग एका शहाण्यानं त्याला याच चार अक्षरांनी सुरू होणारे मित्रद्रोहाचे चार श्लोक ऐकवले. एकेका श्लोकाला एकेक अक्षर गळालं, अन् पोरगं शुद्धीवर आलं.” चाचांनी फाटकाची कडी लावली. “तेव्हा बेटा, ससेमिरा मी नाय लावला. तो तुझा तुलाच लागलाय. मी नुसता श्लोक म्हणायला येतो.”

त्या दिवशी यादी बाजूला ठेवून मी आधी फोन लावला.

“चूक तुझी नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं,” मी एका दमात म्हणाले.

ती म्हणाली, “हे तिथं म्हणायचं होतंस गं, सगळ्यांसमोर.”

“हो.”

“रविवारी ये. तोंडावर सांग. मला रडायचंय, अन् तुला शिव्या पण द्यायच्यात.”

चाचांना सांगितलं, तर “अच्छा” एवढंच म्हणाले आणि समोरच्यांच्या दारी वळले. त्या घरातल्या नातीने चित्रकला सोडलीय म्हणे. आता सकाळी जाताना ते मला लांबूनच हात करतात. मीही हात करते. रविवारी त्यांनाही वेरूळला चला म्हणावं, असं मनात आहे. पण त्यासाठी त्यांच्या मागे कसं लागावं, ते मला जमत नाही.