टेबलावर फक्त ताट

शेठ आमच्या खानावळीत जेवायला आले की आधी खुर्ची ओढायचे, मग बसायचे, मग शर्टाखाली हात घालून कमरेचं रिव्हॉल्वर काढायचे आणि पाण्याच्या जगशेजारी ठेवायचे. बाकीचे मोबाइल ठेवतात ना, तसं. मग किचनकडे बघून विचारायचे, "वयनी, आज काय हाय?"

वयनी म्हणजे माझी आई. टिटवाळ्यात, स्टेशनवरून देवळाकडे जाताना आमची खानावळ आहे, ती तिची. मी गल्ल्यावर बसतो, वाढतो, पार्सल बांधतो आणि गिऱ्हाईक गेलं की त्याची नक्कल करतो. ही सवय खडवलीच्या शाळेपासूनची. तिथे मी एकदा दाराआडून हेडसरांच्या आवाजात वर्गाला सुट्टी दिलेली, आणि वर्ग खरंच घरी गेलेला.

शेठ वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. इथलेच, जुने. त्यांच्या शेतात आता बिल्डिंगी आहेत. जमिनीच्या भांडणात कुणीतरी त्यांच्या गाडीच्या काचा फोडल्या, तेव्हापासून रीतसर लायसन काढून घोडा कमरेला. आमच्याकडचं पहिलं ताट त्यांनीच घेतलं होतं. नंतर साइटवरचे सगळे सुपरवायझरही त्यांनीच पाठवले. दुपारचं अर्धं गिऱ्हाईक त्यांच्यामुळे येतं.

उरलेलं अर्धं बायकांचं. आईने खानावळ काढली ती खरं तर त्यांच्यासाठी. ती लग्न करून चिपळूणकडून इकडे आली तेव्हा कल्याणला कपड्यांच्या दुकानात कामाला होती. हॉटेलात एकटी बाई बसली की लोक तिच्या ताटातसुद्धा डोकावायचे, म्हणून ती दुकानाच्या मागे उभ्याने डबा खायची. आमच्या दारावर तिने पाटी लावलीय, "एकट्या या, निवांत जेवा."

तर सकाळची ड्युटी संपवून हॉस्पिटलच्या एक सिस्टर रोज यायच्या. आमटीत भात कालवून, डोळे अर्धे मिटून जेवायच्या. एके दिवशी त्यांच्या शेजारच्या टेबलावर शेठ बसले आणि कमरेची वस्तू काढून ठेवली. सिस्टरने आपलं ताट थोडं डावीकडे सरकवलं. मग अजून थोडं. मग त्या उठल्या आणि गल्ल्यावर आल्या.

"उरलेलं बांधून दे. उद्यापासून पार्सलच दे."

"का हो? काही चुकलं का?"

"जेवण मस्त आहे रे. पण त्याची नळी माझ्या ताटाकडे होती."

पार्सल थोडे दिवस चाललं, मग तेही बंद झालं. मागोमाग बँकेतल्या दोघी यायच्या थांबल्या. आई स्टुलावर चढून पाटी पुसायला लागली. पाटी स्वच्छच होती. ते बघून मी ठरवलं, या टेबलावरून ती वस्तू उठणार म्हणजे उठणार. आणि शेठही जेवायला इथेच येणार.

आधी सोपा उपाय केला. शेठ, म्हटलं, गल्ल्याच्या खाली ड्रॉवर आहे, जेवेपर्यंत त्यात ठेवा, कुलूप लावतो.

शेठनी भाकरी मोडता मोडता माझ्याकडे बघितलं. "पोऱ्या, लायसन माज्या नावावर हाय. तुज्या ड्रावरात ठेवला तर मी बी आत नि तू बी आत. जेवाला कोन देईल रं मंग?"

मुद्दा बरोबर होता.

मग आईने तिच्या पद्धतीने उपाय काढला. शेठ बसले की ती घडी घातलेला नॅपकिन आणून हळूच वस्तूवर टाकायची. झाकलं की झालं, असं तिचं म्हणणं. पण झाकल्यावर ते जास्तच दिसायला लागलं. आधी लोक चोरून बघायचे, आता नॅपकिनकडे टक लावून बघायचे. आणि आमच्याकडे नॅपकिनखाली काय असतं? पापड. ते वातड होऊ नयेत म्हणून आई झाकूनच टेबलावर पाठवते. एका दुपारी देवदर्शन करून एक आजोबा आले, शेठच्याच टेबलावर जागा होती, तिथे बसले. शेठ फोनवर होते. आजोबा म्हणाले, "एक घेतो हं," आणि नॅपकिन उचलला.

आजोबांचा हात हवेत तसाच राहिला. शेठनी फोन खाली टाकून पटकन वस्तू उचलली, आणि त्यांना ती उचलताना बघून आजोबा खुर्चीसकट मागे सरकले. कुणाला काही झालं नाही. आजोबांना पाणी दिलं, आईने हात जोडून माफी मागितली. शेठ स्वतःच एवढे घाबरलेले की त्यांनी सोलकढी तशीच ठेवली.

दुपारचं वाढप आटोपल्यावर भाकऱ्या करणारी मावशी मला म्हणाली, "आता शेठ करून दाखव की. कसे उडाले ते."

मी लाटणं कमरेला खोचलं, पोट पुढे काढलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीत धपकन बसलो. आणि लाटणं बरगडीत घुसलं. खुर्चीला हात असतात ना, त्या हाताने ते आत दाबलं गेलं. सरळ बसलो तरी टोचतंय, वाकलो तर जास्तच. मावशी हसत होती. मी न ठरवता लाटणं काढलं आणि टेबलावर ठेवलं. ठेवल्यावर त्याच्याकडे बघत राहिलो.

"काय झालं रे?" मावशीने विचारलं.

"शेठ शायनिंग मारत नाहीत गं. त्यांना टोचतं."

माळ्यावर सत्यनारायणाच्या पूजेसाठी आणलेल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या होत्या, बिनहाताच्या. एक काढली, धुतली. कोपऱ्यातलं टेबल असं वळवलं की बसणाऱ्याची उजवी बाजू भिंतीला येईल. पुन्हा लाटणं लावून बसलो. टोचेना. वरून शर्ट सोडला तर मावशीला दिसेना.

दुसऱ्या दिवशी शेठ आले तेव्हा मी त्यांना दारातच गाठलं. आवाज माझाच ठेवला. नाहीतर टेन्शन आलं की मी दुसऱ्याच्याच आवाजात बोलायला लागतो.

"शेठ, तुमची जागा तिकडे केलीय. त्या खुर्चीत ते टोचणार नाही. कमरेलाच राहू दे, शर्टाच्या आत. आमच्या टेबलावर फक्त ताट."

"कोन बोलतंय? वयनी?"

"मी बोलतोय. आईला माहीत आहे."

"नि मना नाय जमला तर?"

"तर पार्सल देईन. तुमच्या आवडीची बोंबलाची चटणी जास्त घालून. पण आत वाढणार नाही."

आईने किचनच्या दारातून बघितलं आणि पदराला हात पुसत तिथेच उभी राहिली. मागे गेली नाही. शेठनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग गाडीत बसून निघून गेले. सुपरवायझरही आले नाहीत. त्या आठवड्यात मावशीने पीठ कमी मळलं, आणि मला कुणी नक्कल करायला सांगितलं नाही. आई एकदाच बोलली, "ती खुर्ची हलवू नकोस."

सोमवारी शेठ आले. सरळ कोपऱ्यात गेले. लोखंडी खुर्ची हाताने दाबून बघितली, बसले. डावीकडे हलले, उजवीकडे हलले. मग म्हणाले, "वयनी, आज काय हाय?"

संध्याकाळी मी मेडिकलमध्ये सिस्टरना गाठलं. खोटं सांगायचं नव्हतं. "टेबलावर काही नसतं आता. कमरेला असतं, शर्टाखाली. भिंतीच्या बाजूला."

"म्हणजे आहेच."

"आहे."

त्यांनी गोळ्या पर्समध्ये टाकल्या. "त्याला सांगितलं कोणी?"

"मी."

"तू? त्याच्या आवाजात की तुझ्या?"

"माझ्याच."

त्या हसल्या, पण येते असं काही बोलल्या नाहीत. आल्या त्या गुरुवारी, आणि दारापासच्या टेबलावर बसल्या. अजूनही तिथेच बसतात. बँकेतल्या दोघींपैकी एकच येते. दुसरीला मी विचारत नाही, तिला नको वाटत असेल तर नको.

परवा शेठसोबत एक पाहुणे आलेले, शहाडचे. कमरेला यांच्यासारखंच. बसले, हात शर्टाखाली गेला, वस्तू बाहेर आली. मी गल्ल्यावरून उठणार तोच शेठनी त्यांचं मनगट धरलं. मग मान तिरकी करून, खांदे वर उचलून, पोरगेल्या चिरक्या आवाजात म्हणाले, "कमरेलाच राहू दे, शर्टाच्या आत. आमच्या टेबलावर फक्त ताट."

पाहुण्यांनी वस्तू आत घेतली. मावशी किचनमध्ये तोंडावर पदर धरून खाली बसली. दारापाशी सिस्टर आमटीत भात कालवत होत्या, त्यांनी मान वर करून बघितलं आणि परत कालवायला लागल्या.

नक्कल वाईट होती. मी खांदे असे उचलत नाही. पण तोंड सरळ ठेवून मी कोपऱ्यात अजून एक लोखंडी खुर्ची नेऊन दिली.