टेबलासाठी शिवलेली रजई

चाची कुणाच्याही घरी गेली की आधी अंथरुणावर हात दाबून बघायची. पाणी नंतर, चहा नंतर. गादीवर तळवा टेकवायची, थोडा भार द्यायची आणि त्या घरात कोण कसं झोपतं ते सांगून टाकायची. वडील गेल्यावर तीन-चार महिन्यांनी ती आमच्या धरणगावच्या घरी आली. आईचा पलंग तिने दाबून पाहिला आणि म्हणाली, "आठे कोनी झोपत नही." आई इतके दिवस फरशीवर चटई टाकून झोपत होती, हे आम्हा मुलींना तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी चाचीने ती दोघांची जुनी गादी उसवून नेली आणि त्यातल्याच कापसाची एका माणसापुरती नवी गादी भरून आणली. "आता झोप," एवढंच म्हणाली.

ती पिंजाऱ्याची बायको. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. चाचा कापूस पिंजायचे, चाची गाद्या-रजया भरून त्यांना टाके घालायची. पुढे पिंजायचं मशीन आलं, मग फोमच्या गाद्या आल्या, मग चाचांचा दम गेला. शेवटची दोन वर्षं ते भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचे. ते गेल्यावर दुकानाचा पुढचा भाग मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडे गेला आणि चाची मागच्या अंधाऱ्या खोलीत सुई घेऊन बसू लागली. फोमला ती "साबणाचा फेस" म्हणायची. कुणी फोमची गादी घेतली असं कळलं की तिचा चेहरा असा व्हायचा, जणू त्या घरात कुणी आजारी पडलं आहे.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे मी जपानला गेले. तिकडे उत्तरेला हिवाळ्यात घराच्या छपरापर्यंत बर्फ साठतं. घरोघरी एक बुटकं टेबल असतं, त्याला कोतात्सू म्हणतात. टेबलाच्या पोटात विजेची शेगडी असते. वरून चारी बाजूंनी जमिनीवर लोळेल अशी मोठी रजई टाकायची, तिच्यावर फळी ठेवायची आणि सगळ्यांनी पाय आत घालून बसायचं. जेवण तिथेच, मुलांचा अभ्यास तिथेच. आमची रजई दुकानातली होती, घसरडी आणि फुगीर. एकदा शेजारच्या आजींनी चहाला बोलावलं. त्यांच्या टेबलावर निळ्या हातमागाच्या सुती कापडाची, हाताने टाके घातलेली जुनी रजई होती. मी नकळत तिच्यावर तळवा ठेवून दाबलं. आजी म्हणाल्या, "माझ्या आईने भरलेली. आता आमच्या गावात हे कुणाला येत नाही." मला वाटलं, माझ्या गावात येतं.

डिसेंबरात धरणगावला आले तेव्हा पहिल्याच दिवशी चाचीकडे गेले. फोनवर कोतात्सूचे फोटो दाखवले, अशी रजई भरून हवी म्हटलं. तिने फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"टेबलले थंडी वाजस का वं?"

मी हसत हसत सगळं समजावलं. पण चाचीला फोटोवर भरवसा नव्हता. दुपारी ती आमच्या घरी आली, सोबत तिची मुलगी रुबिना. चाचीने माजघरात चौरंग मांडला, त्यावर चादर टाकली आणि आई, रुबिना, मी अशा तिघींना चार बाजूंपैकी तीन बाजूंनी बसवलं. चौथ्या बाजूला स्वतः बसली. पाय आत. बाहेर ऊन होतं, आम्ही घामाघूम. ती मात्र चादर ओढून, कुणाच्या गुडघ्यावर किती येते, मागे किती उरते, हे विती मोजून बघत होती. मग एकदम म्हणाली, "चार जनी एकच रजईमा! मंग भांडन कसं करशी?" आम्ही हसलो, तीही हसली आणि हसता हसता तिला खोकला आला. तो बराच वेळ थांबेना. रुबिनाने पाणी दिलं. कापसातल्या माणसांना खोकला असायचाच, असं मी लहानपणापासून बघत आले होते. मी चौरंग उचलून ठेवला.

"खाली शेगडी ऱ्हास ना? मंग बठ्ठं सुतीच पाहिजे," कापूस, कापड, दोरा, सगळं सुती, असा तिचा हट्ट. कापूस तिने पाचोऱ्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरून मागवला. कापडासाठी मला घेऊन धुळ्याला गेली. एस. टी. स्टँडवरून त्या विणकराच्या घरापर्यंत फार अंतर नव्हतं, पण ती वाटेत तीनदा बसली. एकदा रसवंतीच्या बाकावर, दोनदा कुणाच्या तरी ओट्यावर.

"रिक्षा करू या चाची."

"गुडघा दुखस. दुसरं काही नही."

विणकराने चार-पाच ताग्यांची थप्पी काढली. चाचीने प्रत्येक कापड गालाला लावलं, मग माझ्या गालाला लावलं. तिने निवडलेलं कापड गडद निळं होतं, कडेला बारीक पांढरी रेघ. मी फोटोतल्यासारखं नक्षीचं मागत होते. ती म्हणाली, "पोरंसोरं तोंड खुपसतीन याच्यात. तुले डोळ्यासाठी पाहिजे का गालासाठी?" मी निळं घेतलं. परतीच्या एस. टी.त ती कापड मांडीवर घेऊन डोळे मिटून बसली होती. तोंड उघडं होतं, श्वासाला बारीक शिटीसारखा आवाज येत होता. मला वाटलं, दमली आहे.

पुढचे बारा दिवस मी नातेवाइकांकडे फिरत राहिले. मधे एकदा दुकानात डोकावले. खोलीभर कापूस होता. दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हात त्याचे तंतू तरंगत होते आणि त्यात चाची तोंडाला पदर बांधून, उकिडवी बसून, मध्यापासून कडेकडे टाके घालत चालली होती. मशीनवर कापूस पिंजून आणायला ती तयार नव्हती. चाचांची जुनी धनुकली तिने माळ्यावरून उतरवली होती. "मशीन कापसाचे दात पाडी टाकस," ती म्हणाली. तेवढं वाक्य बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. मी तिथे पाच मिनिटंसुद्धा बसले नाही. मला शिंका यायला लागल्या.

निघायच्या दिवशी रजई घ्यायला गेले. रुबिनाने ती जुन्या साडीत बांधून तयार ठेवली होती. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"अम्मी झोपली आहे, ताई. उठवू का?"

जळगावहून गाडी होती. नको, झोपू दे, म्हणाले. पुढच्या वेळी भेटेनच.

जपानमध्ये आमच्याकडे येणारा प्रत्येक जण त्या रजईवर हात फिरवायचा. शेजारच्या आजी तर पाय आत घालून कितीतरी वेळ बसून राहिल्या. मुलं तिथेच झोपी जायची. मी चाचीला दाखवायला व्हिडिओ काढून ठेवले होते. फेब्रुवारीत आईचा फोन आला. चाची धुळ्याच्या दवाखान्यात वारली. फुप्फुसं कधीच निकामी झाली होती म्हणे.

दीड वर्षाने मी धरणगावला गेले. रुबिना आता अंगणवाडीत काम करते. मागची खोलीही त्या मोबाइलवाल्याने घेतली आहे. तिच्या घरी जमिनीवर समोरासमोर बसलो. मी सहज म्हणून विचारल्यासारखं विचारलं, चाचीला कधीपासून त्रास होता?

"दोन वर्षं," रुबिना म्हणाली. "डॉक्टरांनी कापसाला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. तिने बंदच केलं होतं, ताई. तुम्ही आल्या तेव्हा वर्षभर तिने काही शिवलं नव्हतं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तिने शपथ घातली होती. आणि खरं सांगू? ती त्या बारा दिवसांत जेवढी खूश होती, तेवढी अब्बा गेल्यापासून नव्हती. मला थांबवता आलं नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तिने माझ्या हातातला फोन मागितला. "रजई दाखवा ना." मी फोटो उघडून दिला. टेबल, निळी रजई, आत पाय घालून बसलेली माझी दोन मुलं. रुबिनाने दोन बोटांनी फोटो मोठा केला, एका कोपऱ्याकडे सरकवत नेला आणि थांबली.

"इथून पुढे माझे टाके आहेत," ती म्हणाली. "तुम्ही निघायच्या आदल्या रात्री तिचा हातच उचलेना. सुई माझ्या हातात दिली आणि बाजूला पडून सांगत राहिली, इथे घाल, तिथे घाल. माझे टाके तिच्यासारखे नाहीत. तुमच्या लक्षात आलं असेल."

माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तसं सांगितलं. रुबिनाने फोटोकडे पुन्हा एकदा बघितलं आणि फोन माझ्या हातात ठेवला.